जोडीचं वाचन

"दादा पोथी वाचतान का गो ताई?" पाटी उतरवता उतरवता शेवंतीनं विचारलं, आणि सरोजच्या तोंडून "हो" निघून गेलं. निघून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. शेवंती दर रविवारी मोठागावाहून मासळी घेऊन यायची, चार मजले चढायची, आणि दम खायच्या निमित्तानं प्रत्येक मजल्यावर कोणाच्या घरात काय चाललंय ते ऐकून ठेवायची. तिच्या कानातून काही सुटायचं नाही. "जिन्यावरशी आयकतंय ना मी. दर ऐतवारी. समजत काय नाय, पन आयकायला बरा वाटतं," ती म्हणाली आणि बांगडे वेगळे काढता काढता आवाज खाली आणून तिनं विचारलं, "पोरीसाठीच ना?" सरोजनं भांडं पुढे केलं. "वाचू द्या, वाचू द्या. पोचतंय तिला." वाट्यावर दोन बांगडे जास्तीचे टाकून शेवंती समोरच्या शांताबाईंच्या दाराकडे वळली. सरोजनं दार लावलं आणि हातात मासळीचं भांडं घेऊन ती दाराशीच उभी राहिली. आतल्या खोलीत सुधीर वाचायचा थांबला होता. ती परत येऊन बसेपर्यंत तो तसाच थांबणार, वाक्याच्या मधोमध, बोट ओळीवर ठेवून. कोण आलं होतं हे तो विचारणार नव्हता. शेवंती काय म्हणाली ते ती सांगणार नव्हती.

पोथी कसली, अमेरिकेतल्या कुठल्याशा कंपनीनं गोदामांसाठी केलेल्या सॉफ्टवेअरचं ते मॅन्युअल होतं. माल कमी भरला तर कोणती कळ दाबायची, जास्त भरला तर कोणती, आणि पडद्यावर काहीच येईना तर काय करायचं. ठाण्याला नौपाड्यात एका दवाखान्याच्या वर मधू कारखानीसचं ऑफिस होतं, तिथे अशी मॅन्युअलं खुणांच्या भाषेत बसवून द्यायचं काम चालायचं. इथे मथळा सुरू, इथे मथळा संपला, ही आज्ञा, ही टीप, अशा कंसातल्या खुणा मजकुरात पेरायच्या, म्हणजे मग तिकडचं यंत्र त्या वाचून पान आपोआप मांडतं. सरोज तिथे पहिल्यापासून होती, कामात वाघ होती, आणि मधू कारखानीस स्वतः तिला जरा वचकून असायचा. सगळं नीट चाललेलं असताना एक दिवस तिकडून एक जाडजूड पाकीट आलं. त्यांच्या पडद्यावर आपली पानं कशी दिसतात ते त्यांनी छापून पाठवलं होतं. जिथे जिथे अवतरणचिन्ह, जिथे जिथे लांब आडवी रेघ, जिथे जिथे अक्षराच्या डोक्यावरचा तो बारीक शेपटीचा ठिपका, अपॉस्ट्रॉफी, तिथे तिथे प्रश्नचिन्ह. एकेका पानावर वीस-वीस, पंचवीस-पंचवीस प्रश्नचिन्हं. इकडच्या यंत्रात प्रत्येक चिन्हाला एक नंबर होता, तिकडच्या यंत्रात त्या नंबरावर काही नव्हतंच, तेव्हा जे ओळखता येत नाही तिथे ते बापडं प्रश्न करत होतं. नंबराऐवजी चिन्हाचं नाव लिहिलं की काम होणार होतं. पण सरसकट बदलायची सोय नव्हती, कारण आज्ञांच्या आतली अवतरणं सरळच राहायला हवी होती. ती वळणदार झाली की आज्ञा चालायची नाही आणि कुठल्यातरी गोदामात कुठलातरी माणूस डोकं आपटत बसायचा. तेव्हा एकेक पान डोळ्यांखालून घालायचं ठरलं, आणि तेही जोडीनं.

जोडीचं वाचन ही छापखान्यातली रीत. एकानं मूळ प्रत हातात धरून मोठ्यानं वाचायचं, चिन्हांसकट वाचायचं, आणि दुसऱ्यानं छापलेल्या पानावर लाल पेन घेऊन बसायचं. त्या वाचनाची एक बोली असते. स्वल्पविरामाला नुसतं स्वल्प, पूर्णविरामाला पूर्ण, लांब रेघेला आडवी, अवतरणाला उघडं आणि मिटलं, आणि डोक्यावरच्या ठिपक्याला वरचा. ऑफिसात जोड्या कमी आणि पानं फार, म्हणून सरोज एक गठ्ठा घरी घेऊन आली होती. दोन्ही कागद समोर ठेवून ती एकटीच ओठ हलवत बसली होती. डोळे इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि दर दोन ओळींनी जागा चुकत होती. पलीकडे खुर्चीत सुधीर नेहमीसारखा पेपर तोंडापुढे धरून बसला होता. पेपराच्या मागूनच तो म्हणाला, "दे इकडे. मी वाचतो." सरोजला आधी वाटलं, भास झाला. मग तिनं घाईघाईनं, तो मन बदलेल या भीतीनं, मूळ प्रत त्याच्या हातात दिली आणि बोली समजावून सांगितली. त्यानं घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. त्याचा तो भरदार, जरासा खर्जातला आवाज घरात उठला, भिंतींना लागला, स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आला. सरोज लाल पेन हातात घेऊन खाली मान घालून बसली होती आणि तिला समोरचं एक अक्षर दिसत नव्हतं. पाण्यानं सगळं डबडबलं होतं. ते पहिलं पान तिनं दुसऱ्या दिवशी ऑफिसात पुन्हा तपासलं.

बोलणं बंद झालं होतं, पण कोणाला खरं वाटणार नाही, त्यांच्यात भांडण झालेलं नव्हतं. झालं असतं तर बरं झालं असतं, असं सरोजला कित्येकदा वाटायचं. त्यांची मुलगी चित्रा चार वर्षांपूर्वी तापानं गेली. मेंदूत गेलेला ताप. एका दुपारी शाळेतून आलेली मुलगी डोकं दुखतंय म्हणून निजली, आणि आठवडा उलटायच्या आत घरात तिचा फक्त फोटो राहिला. तेरा वर्षांची मुलगी. कोणाचं काही चुकलं नव्हतं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून तसं स्पष्ट सांगितलं होतं, आणि सरोजला वाटलं होतं की हे ऐकून जीव थोडा हलका होईल. तो झाला नाही. चुकलं असतं तर एकानं दुसऱ्याला बोल लावला असता, दुसरा उलटून बोलला असता, रडारड झाली असती, काहीतरी वाहून गेलं असतं. इथे बोलायला जागाच नव्हती. आधी ते तिचं नाव घ्यायचे थांबले, एकमेकांना रडू येऊ नये म्हणून. मग लक्षात आलं की नाव न घेताही ती येतेच. दूध किती घ्यायचं यात ती होती. पंखा कमी कर यात होती. आज उशीर होईल, जेवून घ्या, यातही होती, कारण त्या वाक्याचं पुढचं टोक नेहमी तिच्यापाशी जाऊन संपायचं. साधं कुठलंही वाक्य उचललं की त्याच्याखाली ती बसलेली. तेव्हा एकेक करून वाक्यंच बाद होत गेली. सुधीर पूर्वी बोलायला लागला की ऐकणाऱ्याला घड्याळ बघायला लावायचा. एमआयडीसीत रंगांच्या कारखान्यात तो सुपरवायझर, तिथले किस्से, सोसायटीतल्या मिटिंगा, निवडणुका, क्रिकेट, कशावरही त्याचं मत तयार. सोसायटीच्या गणपतीतल्या एकांकिकेत त्याच्याशिवाय पान हलायचं नाही. त्या माणसाच्या तोंडाला कुलूप लागलं. "हं", "ठेव", "येतो", एवढ्यावर घर चाललं. आले-गेले म्हणायचे, सावरलंय हो दोघांनी, किती शांत आहेत. सरोजला त्या शांत शब्दाचा राग यायचा.

आणि मॅन्युअलात चित्रा कुठेच नव्हती, ही त्यातली गोम होती. सरोजला हे कळायला बरेच दिवस लागले. गोदामातल्या मालाबद्दलच्या त्या कोरड्याठाक इंग्रजी वाक्यांत तिला शिरायला फटच नव्हती. म्हणून सुधीरला ती वाचता येत होती. तो रोज संध्याकाळी कारखान्यातून आला की हातपाय धुवायचा, चहा घ्यायचा आणि स्वतःहून मूळ प्रत घेऊन बसायचा. पुढे पुढे तर तो त्यात रंगायलाही लागला. धोक्याच्या सूचना भारदस्त आवाजात, टिपा जरा हलक्या आवाजात, आज्ञा एकेक शब्द सुटा करून. एकदा एका लांबलचक वाक्यात आठ स्वल्प आले, तेव्हा आठव्याला तो किंचित हसला. सरोजनं वर बघितलं नाही. वर बघितलं तर मोडेल असं तिला वाटलं. दिवसभर ऑफिसात ती त्या दोन तासांची वाट बघायची, ठाण्याहून येताना पिशवीतल्या गठ्ठ्यावर हात ठेवून बसायची. आपला नवरा आपल्याशी बोलतो आहे असं तिनं ठरवून टाकलं होतं. तो काय बोलतो आहे ते गोदामाबद्दल असलं म्हणून काय झालं? सूर तर त्याचा होता. श्वास घ्यायला थांबायची जागा त्याची होती. पंचेचाळिशीला आलेली, चष्म्याचा नंबर वाढत चाललेली बाई नवऱ्याचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून परक्या कंपनीच्या चुकांना जपत होती. हे कोणाला सांगितलं असतं तर हसले असते. सरोजला स्वतःला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

आणि मग त्या मंगळवारी तिला तोड सापडली. शोधत नव्हती, खरं तर दुसरंच काहीतरी करत होती. आज्ञांभोवती तिनंच पहिल्यापासून वेगळी खूण घातलेली होती, आज्ञा सुरू, आज्ञा संपली. मग यंत्रालाच सांगायचं की या दोन खुणांच्या आत हात लावू नकोस, बाहेर जे दिसेल त्याला नाव दे. इतकं सोपं. तिनं पाच-सहा ओळींचा छोटा प्रोग्राम लिहिला, एका प्रकरणावर चालवून बघितला आणि पान समोर आलं ते स्वच्छ. सगळी अवतरणं जागच्या जागी, सगळ्या रेघा जागच्या जागी, आज्ञा जशाच्या तशा. एकही प्रश्नचिन्ह नाही. असं काही जमलं की तिच्या छातीत एक उसळी यायची, ती आलीच. ती तिला आवरता आली नाही आणि ती उठून मधूच्या टेबलापाशी गेलीसुद्धा. मधू पान बघून टेबलावर थाप मारत म्हणाला, "सरोज, बाजी मारलीस तू! आता ते वाचनाचं झंझट नको. सगळ्या जोड्या मोकळ्या." मोकळ्या हा शब्द ऐकल्यावर तिनं ते पान परत हातात घेतलं. आपण काय करून बसलो ते तिला तेव्हा कळलं. चहा आला, ऑफिसातल्या सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. ती हसत होती, आणि तिला आठवत होतं की आज संध्याकाळी सुधीर हातपाय धुऊन वाट बघत बसेल. जुने गठ्ठे मधूनं त्याच उत्साहात रद्दीत देऊन टाकले. निघताना तिनं उरलेल्या प्रकरणांची नवी छापील पानं पिशवीत भरली. "एकदा नजरेखालून घालते," ती म्हणाली. मधू म्हणाला, "अगं, कशाला आता?" पण तिला अडवायची त्याची प्राज्ञा नव्हती.

तेव्हापासून ती लबाडी करत होती. सुधीर मूळ प्रत वाचायचा आणि ती त्या निर्दोष पानांवर लाल पेन चालवायची. कुठल्याही अवतरणाभोवती गोल, कुठल्याही रेघेखाली आडवा फराटा. पेनाचा आवाज व्हायला हवा, हात हलायला हवा. बरोबर असलेल्या गोष्टीला चूक म्हणायला तिचा हात पहिल्या दिवशी तयार होईना, आयुष्यभराची सवय. दुसऱ्या दिवसापासून तो सरावला. पानं संपत आली होती आणि ती संपल्यावर काय, हे तिनं मनाशी येऊ दिलं नव्हतं. आज रविवार, आणि रविवारी सकाळीच बसू म्हणायची ती, कारण रविवारचा दिवस फार लांब असतो. आणि आज शेवंती असं बोलून गेली. सरोज भांडं ओट्यावर ठेवून, हात धुऊन बाहेर आली, आपल्या जागेवर बसली आणि म्हणाली, "हं." सुधीरनं बोट ठेवलेल्या ओळीपासून पुढे वाचायला घेतलं. तो वाचत होता आणि ती पहिल्यांदाच शेवंतीच्या कानांनी ऐकत होती. जिन्यावर उभं राहून ऐकलं तर कसं वाटत असेल? एक पुरुष एका लयीत वाचतो आहे, मधे मधे थांबतो आहे, उघडं, मिटलं, पूर्ण. आणि समोर कोणीतरी बसून ते मुकाट्यानं ऐकतंय. शेवंतीचं काय चुकलं? मेलेल्या माणसाच्या घरात असंच वाचतात. आपण गेले कित्येक दिवस सुतकात बसलो आहोत, फक्त ते कोणी सांगितलेलं नाही, इतकंच. तिला एकाएकी फार रडू आलं, आणि ते येऊ नये म्हणून ती उठली. "मासळी तशीच आहे, मीठ लावून येते," असं म्हणून ती आत गेली.

ओट्याशी ती रडली. बांगड्यांना हळद-मीठ लावता लावता, नळ सोडून, आवाज बाहेर जाणार नाही अशा बेतानं. या रडण्याचीही तिला आता कला साधली होती. पाच-दहा मिनिटं गेली असतील. पदरानं तोंड पुसून ती बाहेर आली तेव्हा पंख्याच्या वाऱ्यानं तिची पानं खोलीभर उडाली होती, आणि सुधीर गुडघ्यांवर बसून ती गोळा करत होता. निम्मी त्यानं जुळवून ठेवली होती. उरलेल्यांतलं एक त्याच्या हातात होतं आणि ते तो बघत होता. मग त्यानं दुसरं उचललं. मग तिसरं. चष्मा कपाळावर सरकवून त्यानं पान डोळ्यांजवळ नेलं आणि तिच्या लाल गोलांवरून अंगठा फिरवला. कारखान्यात पिंपातला माल बोटावर घेऊन बघताना बघत असेल तसं तो बघत होता.

"सरोज," तो म्हणाला. तिचं नाव त्याच्या तोंडून इतक्या दिवसांनी आलं की आधी तिला ते कोणा दुसरीचं वाटलं. "हे सगळं बरोबर आहे."

"हो," ती म्हणाली. खोटं बोलायची ताकद नव्हती.

"कधीपासून?"

"मंगळवारपासून. मला सापडलं ते. ऑफिसात जमलं." ती भिंतीला टेकून खाली बसली. "वाचायची काही गरज राहिली नाही अहो. मीच सांगितलं नाही तुम्हाला. म्हटलं... मला ऐकायचं होतं."

त्यानं पानं नीट एकावर एक ठेवली, कडा जुळवल्या. तो आता उठेल, शर्ट चढवेल आणि "येतो" म्हणून खाली जाईल, असं सरोजला वाटलं. मग संध्याकाळी येईल, पेपर तोंडापुढे धरेल, आणि उद्यापासून पुन्हा हं, ठेव, येतो. तिनं मनाची तयारी केली. पण तो उठला नाही. जमिनीवर, तिच्यासमोर, तो तसाच मांडी घालून बसला. कोपऱ्यातल्या टेबलावर चित्राचा फोटो होता, शाळेच्या स्नेहसंमेलनातला, आणि सुधीर जिकडे बघायचं चार वर्षं टाळत आला होता तिकडे बघत होता.

"तुला तिचा आवाज आठवतो?" त्यानं विचारलं.

सरोजनंही फोटोकडे बघितलं.

"मला नाही आठवत," तो म्हणाला. "चेहरा आठवतो. केस आठवतात. चालायची कशी तेही आठवतं. आवाज गेला गं. कधी गेला तेही कळलं नाही मला. बघ, मी रोज प्रयत्न करतो. कारखान्यात, रस्त्यात. ती काय काय बोलायची ते सगळं येतं, पण माझ्याच आवाजात येतं. म्हणून मी..." तो थांबला. "तुझ्याशी बोलायला लागलो असतो तर तू तिचं नाव काढलं असतंस. आणि मग तुला कळलं असतं, बापाला आवाजसुद्धा आठवत नाही."

एवढं मोठं बोलून त्याला धाप लागली. सरोज त्याच्याकडे बघत राहिली. तिला वाटत आलं होतं की हा माणूस दुःख एकट्यानं गिळतो आहे, आपल्याला त्यातला वाटा देत नाही. तिनं त्याला मनातल्या मनात किती वेळा कठोर म्हटलं होतं. आणि हा इथे बसून काय शोधत होता! तिला तर तो आवाज आठवत होता. स्पष्ट, जसाच्या तसा. सकाळचा जरा घोगरा, दुपारी शाळेतून आल्यावर चढलेला, शेवटच्या शब्दाला वर उचललेला. आत्ताही तो तिच्या कानात होता. इतकी वर्षं तिनं तो एकटीनं ऐकला होता, आणि त्याला तो ऐकू येत नाही हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिला वाटलं, हे तरी मी याला देऊ शकते. एवढं तरी.

"तुम्ही कारखान्यातून आलात ना," ती सांगू लागली, "की ती दारात यायची. तुमचा हात धरून नखं बघायची. लाल लागलंय की निळं लागलंय. आणि म्हणायची..." सरोज थांबली. कानातला आवाज तिनं नीट ऐकून घेतला, घसा साफ केला आणि चित्रासारखं म्हणाली, "बाबा, आज कुठला रंग?"

खोलीत तिचाच आवाज उमटला. थकलेल्या, नुकत्याच रडलेल्या बाईचा जाड आवाज. तिचा तिलाच तो ऐकवेना. सुधीर डोळे मिटून, मान किंचित तिरपी करून ऐकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं होतं ते विझून गेलं.

"नाही गं," तो हळूच म्हणाला. "असा नव्हता."

"नव्हता," सरोज म्हणाली.

"जरा वर होता ना?"

"हो. शेवटी वर जायचा."

"परत म्हण."

तिनं परत म्हटलं. अगदी बारीक करून, वर उचलून म्हटलं, आणि शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला. सुधीरनं डोळे उघडले नाहीत. नुसती मान हलवली. मग हात पुढे करून, आंधळ्यासारखा चाचपडत त्यानं तिचं मनगट धरलं आणि पुन्हा म्हणाला, "परत म्हण."